उकळत्या पाण्यात बुडवलेलं दही

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. सोलापुरात एका डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो, आणि माझ्यामुळे एक खरी बाई खोटी ठरली.

डॉक्टरांना दह्याचं वेड होतं. गिरणीच्या चाळींतली हगवण लागलेली पोरं आली की औषधाबरोबर ते ताकही द्यायचे. ताकानं पोट बसतं हे घरोघरच्या बायकांना ठाऊक होतंच. ते का बसतं, हे डॉक्टरांना डोळ्यांनी बघायचं होतं. मागल्या खोलीत ते काचेच्या चपट्या बशीत, विणकर सुताला लावतात त्या खळीसारखा थर ओतायचे. त्यावर हगवणीचे जंतू पसरायचे आणि मधोमध दह्याचा एक ठिपका. बशी दिवसभर उबेच्या पेटीत राहिली की सगळीकडे जंतूंची पांढुरकी साय धरायची. ठिपक्याभोवती मात्र स्वच्छ, मोकळं कडं.

"दह्यातले जंतू जिवंत असतात," ते मला म्हणाले होते. "आंबटपणा सोडतात, आणखीही काही सोडत असतील. त्यांच्या शेजारी हगवणीच्या जंतूंना थारा मिळत नाही."

सगळ्यांत रुंद कडं पडायचं ते मोहोळकडच्या एका धनगर मावशीच्या दह्याला. बाजाराच्या दिवशी ती मडकं घेऊन यायची. एकदा मी झाकण काढलं तर वरच केस.

"मावशी, हे काय?"

"शेळीचा हाय. केस निगंल येकांदा, कंपौंडरदादा, पर पान्याचा थेंब न्हाय निगायचा. तुमच्या बाटलीतल्या औषदाचं सांगा की."

डॉक्टर पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून तिचं मडकं हातात घेताना मला शिसारी यायची.

पुण्याचे दोन डॉक्टर ते कडं बघायला येणार होते. आदल्या दिवशी मावशीच्या मडक्यातलं दही नळीत काढून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. पुन्हा केस दिसला. शेजारी स्टोव्हवर सुया उकळत होत्या. मी नळी त्याच पाण्यात सोडली, सुया उकळतात तितका वेळ. स्वच्छतेसाठी करतोय, असं मनाशी म्हणालो. खरं तर मला तिचं मडकं, तिचे हात, तिचं घर उकळून काढायचं होतं. मग नळी गार केली, फुटलेलं दही हलवून सारखं केलं आणि टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी त्याच दह्याचे ठिपके तीन बशांत ठेवले आणि बशा उबेच्या पेटीत सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी तिन्ही बशांवर साय काठोकाठ पसरलेली. कडं कुठेच नाही.

"सोलापूरच्या उन्हात दहीसुद्धा दमलं वाटतं," पाहुण्यांतले एक म्हणाले. डॉक्टरांचे कान लाल झाले. दह्यातले जंतू जिवंत असतात हे त्यांचं बोलणं मला त्या क्षणी आठवलं. काय झालं ते कळलं, तरी मी नुसत्या बशा उचलायला लागलो.

पुढच्या बाजाराला मावशी आली. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या खेपेला काय मिसळलं होतंत?"

"कायबी न्हाय, डाक्तर."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "दही तुम्ही काढलंत ना? मडक्यात होतं तसंच ठेवलंत?"

"होय. तसंच ठेवलं."

इतक्या वर्षांचा माणूस, म्हणून त्यांनी माझं खरं मानलं. मावशीनं कमरेची पिशवी सोडली, बिरोबाचा भंडारा चिमटीत घेतला आणि उंबऱ्यावर ठेवला. "ह्याच्यावर हात ठिवून सांगते, काय बी घातलं न्हाय." माझ्याकडे बघत ती एवढंच म्हणाली, "आता तुमी ठिवा."

मी बाटल्या पुसत राहिलो. ती मडकं उचलून गेली, ती परत आली नाही. पाहुण्यांसमोरच्या फजितीनं खचलेल्या डॉक्टरांनी बशा कपाटात टाकल्या, पुन्हा लावून पाहिल्या नाहीत. "माझाच भ्रम असेल," म्हणाले, आणि पोरांना ताक देणंही बंद केलं. हगवणीची पोरं येतच राहिली. मी त्यांना नुसत्या बाटल्या भरून दिल्या.

डॉक्टर आता नाहीत. त्यांना सांगायचं राहून गेलं. मावशी असेल तर मोहोळच्या बाजारात बसत असेल. तिच्या दह्यात खोट नव्हती, ते मी उकळलं होतं, हे भंडाऱ्यावर हात ठेवून तिच्या माणसांदेखत सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.