सायलीचा रिफंड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. रोज देवापुढे बसते, पण तिथेही तोंडातून शब्द फुटलेला नाही. आज तुम्हाला सांगतेय. का, ते विचारू नका — मलाच नीट माहीत नाही.

न्यू जर्सीतल्या एका युनिव्हर्सिटीत, विद्यार्थ्यांची फी आणि सरकारी मदत बघतात त्या ऑफिसात मी काम करते. खिडकीवर बसते. मूळची नागपूरची, बोलायला फटकळ, कामाला चोख — असं माझं नाव आहे तिथे. यंदाचं ऑडिट स्वच्छ गेलं म्हणून बॉसने सगळ्यांसमोर कौतुक केलं, केक आणला. मी तो केक खाल्ला. दोन तुकडे.

एक नियम सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सरकारी मदत फीपेक्षा जास्त आली, तर उरलेले पैसे, म्हणजे रिफंड, चौदा दिवसांत विद्यार्थ्याच्या हातात पडले पाहिजेत. त्यातूनच तो राहतो, खातो, पुस्तकं घेतो. पैसे आमच्याकडेच ठेवायचे असतील, तर त्याने स्वतः तसं लिहून द्यायचं. आईने नाही, बापाने नाही. ऑफिसात नवीन कुणी आलं की हा नियम मीच शिकवते, बाप्पा, मीच!

सायली ही वैशालीची मुलगी. वैशाली माझी इथल्याच पार्सिपनी गावातली जुनी मैत्रीण. पोरगी एकोणीस वर्षांची, आमच्याकडेच नर्सिंगला. लहानपणापासून मला मावशी म्हणते. बाकीच्या खिडक्या रिकाम्या असल्या तरी माझ्याच रांगेत उभी राहायची.

गणपतीत, मंडळाच्या हॉलमध्ये, आम्ही दोघी प्रसादाच्या प्लेट्स लावत होतो. वैशाली हळूच म्हणाली, "सायलीला कॅम्पसजवळ रूम घ्यायचीय. रिफंड आला की डिपॉझिट भरते म्हणते. आमचे हे घर डोक्यावर घेतील गं. तू थोडे दिवस अडकव ना — दिवाळी होऊ दे फक्त."

नुसतं "नियमात बसत नाही" म्हटलं असतं, तरी विषय संपला असता. कुठल्या अमेरिकन आईने असं विचारलं असतं, तर मी तिला तिथल्या तिथे फैलावर घेतलं असतं. पण वैशालीला? आपलीच पोर, एकोणीस म्हणजे काय वय आहे का, आईला कळतंच ना तिचं भलं — असं मला वाटलं. खरंच वाटलं. आणि अजून एक, तेही सांगून टाकते. मला बरं वाटलं. दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी माझ्या एका शब्दावर अडलंय, याचं बरं वाटलं.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी सायलीच्या खात्यावर एक टिक केलं — विद्यार्थिनीच्या लेखी विनंतीवरून रक्कम राखून ठेवली आहे. कुठली विनंती? कसलं लेखी? दोन मिनिटांचं काम. मग चहा घेतला.

चौदा दिवस झाले आणि ती आली. परत आली. परत आली. "मावशी, एनी अपडेट?" प्रोसेस होतंय गं, सिस्टिम स्लो आहे — माझं ठरलेलं उत्तर. तिसऱ्यांदा तिचे डोळे भरले होते. हॉस्पिटलमधली ड्यूटी सकाळी साडेसहाला, घरून दोन बस बदलून पोचणं जमणारच नव्हतं. गाडी बाबांची, ते देत नव्हते. रूम शेअर करणाऱ्या दोघी शुक्रवारपर्यंतच थांबणार होत्या. हे सगळं तिने मला सांगितलं, खिडकीला टेकून. त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. शुक्रवार गेला. त्यांनी दुसरी मुलगी बघितली.

दिवाळीनंतर मी टिक काढलं, पैसे गेले. तोवर सायलीच्या इतक्या गैरहजेऱ्या लागल्या होत्या की नर्सिंगमधून तिचं नाव कमी झालं. जानेवारीत ती परत आलीच नाही. आता एका फार्मसीत काउंटरवर उभी असते. वैशाली म्हणते, बरं झालं, घरात तरी आहे. आणि मी मान हलवते.

तुम्हाला वाटलं असेल, हेच सांगायचं होतं. नाही. हे तर मी स्वतःशी कितीदा बोलले आहे. पुढचं नाही बोलवत.

उन्हाळ्यात ऑडिटवाले आले. त्यांनी तपासायला काही फायली उचलल्या, त्यात सायलीची निघाली. लेखी विनंतीचा कागद दाखवा, म्हणाले. असेल तर दाखवणार ना! नोकरी जाणार, इतक्या वर्षांचं नाव जाणार. त्या क्षणी मला सायली आठवली नाही हो — माझं मलाच पडलं होतं. सायली आठवली ती नंतर, सहीसाठी.

फोन केला. "बेटा, एक सही राहिलीय, ये जरा." लंच ब्रेकमध्ये आली, फार्मसीच्या पांढऱ्या कोटातच. तिला आतल्या खोलीत बसवून मी विनंतीचा कागद पुढे केला, पेन दिलं. तिने वाचला? छे. मावशीने दिलेला कागद कोण वाचतं?

सही करता करता, मान वर न करता, तिने विचारलं, "मावशी, तेव्हा माझंच काही चुकलं होतं का? फॉर्म भरताना?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दार लावलेलं होतं. बोलता आलं असतं मला.

"होतं गं असं," मी म्हणाले. "तारीख गेल्या सप्टेंबरची टाक."

तिने टाकली. वर थँक यू म्हणाली.