ताकदीच्या गोळ्यांची रिॲक्शन

तापाच्या गोळ्यांचे किस्से होत नाहीत. ताप उतरला की माणूस विसरतो. किस्से साठतात ते ताकदीच्या गोळ्यांचे! आमच्याकडे व्हिटॅमिनला सगळे ताकदीची गोळीच म्हणतात, आणि ताकदीनं कुणाला त्रास होऊ शकतो हे कुणाला पटतच नाही. मळवलीजवळच्या एका छोट्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम तपासतात आणि मी खिडकीत बसून औषधं देते. नऊ वर्षांत कपाळावर हात मारून मारून टेंगूळ कसं आलं नाही, याचंच नवल वाटतं. यंदा मात्र आमच्याच घरात आबांच्या जिवावर बेतलं, तेव्हापासून हसू येईनासं झालंय.

*

भाजे गावचा दत्तू लेण्यांकडे येणाऱ्यांना वाट दाखवतो. थकवा येतो म्हणून मॅडमनी त्याला बी-कॉम्प्लेक्स दिलं. लघवी पिवळीधमक होईल, घाबरू नकोस, असं मी सांगितलं होतं. पण तेव्हा साहेब मोबाईलमध्ये!

दुसऱ्या दिवशी पिवळं दिसल्यावर हा थेट कावीळ उतरवणाऱ्याकडे. तेल बंद, तिखट बंद, हळद बंद. पंधरा दिवसांनी आला तो पँट सुतळीनं बांधून.

"कावीळ लय चिवट हाय ताई, हटंना," म्हणाला. "म्हनून गोळी एक दिस चुकवली न्हाई. तेवडीच ताकद."

गोळी थांबवली, तिसऱ्या दिवशी कावीळ गेली. श्रेय अर्थातच उतरवणाऱ्याला मिळालं.

*

शंकरभाऊ लोणावळ्यात एक बंगला सांभाळतात. पाहुणे गोळ्यांची बाटली विसरून गेले. बाटलीवर पळणाऱ्या माणसाचं चित्र, म्हणजे चांगलीच असणार, म्हणून भाऊंनी उपाशीपोटी एक घेतली. थोड्याच वेळात तोंड लालबुंद, कानांतून धग, अंगभर खाज. वहिनींनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. तासाभरात सगळं उतरलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी, पुन्हा लाली, पुन्हा दृष्ट. असं आठ दिवस! नवव्या दिवशी घरातल्या मिरच्या संपल्या, तेव्हा दोघं आमच्याकडे आले.

बाटली बघून मॅडम म्हणाल्या, "यात नायसिन आहे, तेही व्हिटॅमिनच. अंग असं पेटतं आणि तासाभरात आपोआप शांत होतं. गोळी बंद करा."

वहिनींनी जरा विचार केला. "गोळी बंद करू. पर दिष्ट चालू ठिवू ना?"

*

बेडश्याच्या वरच्या वाडीतली सुमन पाच महिन्यांची गरोदर. रक्त कमी, म्हणून लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू केल्या. महिन्यानं तपासलं तर रक्त होतं तिथंच. वाडीवर गोळ्या पोचवणाऱ्या आशाताई मात्र शपथेवर सांगायच्या, की रिकामी स्ट्रिप त्या स्वतः बघून येतात.

मी सुमनला बाजूला घेतलं. "खरं सांग, गोळ्या कुठं गेल्या?"

"मळमळायचं ताई. शेळीला घातल्या."

"शेळीला?"

"ती बी गाभन हाय."

रात्री जेवणावर गोळी घ्यायची, लिंबू पिळायचं, चहा लांब ठेवायचा, असं बसून समजावलं. सुमनचं रक्त वाढलं. शेळीला दोन करडं झाली, तीही धट्टीकट्टी.

*

आता आबांचं. आबा माझे सासरे. चार मुलगे, एका आवारात चार चुली, आणि आबांचं जेवण एकेक दिवस एकेका घरी. त्यांची हाडं दुखायची, व्हिटॅमिन डी कमी निघालं. मॅडमनी दुधातून घ्यायच्या पुड्या दिल्या, आठवड्याला एक. मी पडले औषधं देणारी शहाणी! चुकायला नको म्हणून चारही घरांत पुड्या नेऊन ठेवल्या आणि जावांना बजावलं, "आठवड्याला एक. विसरायची नाही."

काही महिन्यांनी आबांना मळमळायला लागलं. तांबेच्या तांबे पाणी पितायत, पोट साफ होत नाही. मग ते माझ्या मुलाला त्यांच्या गेलेल्या भावाच्या नावानं हाक मारायला लागले. एकदा बांधावर बसून राहिले, घरची वाट आठवेना. वय झालं, असं आम्ही म्हटलं. थोरल्या दिरांनी नातेवाइकांना, एकदा येऊन भेटून जा म्हणून, फोनही केले. खिडकीत मी रोज शंभर जणांना विचारते, नवीन काय चालू केलंत? घरात एकदाही विचारलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

मॅडमनी रक्त तपासायला लावलं. कॅल्शियम भलतंच वाढलेलं, मूत्रपिंडावर ताण. त्याच दिवशी तळेगावला ॲडमिट केलं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "व्हिटॅमिन डी घरात कोण देतं?"

"मी," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. "आठवड्याला एकच."

"मी देते की," दुसरी म्हणाली.

"आमच्याकडं पण एकच," धाकटी म्हणाली.

चौथी मी. आठवड्याची एक पुडी मीही देत होते.

पुड्या बंद झाल्या, सलाईन चढलं. सहाव्या दिवशी आबांनी मला नावानं हाक मारली. मी रडतच विचारलं, "आबा, चार घरी चार पुड्या घेत होता, तुम्हाला कळत नव्हतं का हो?"

"कळत व्हतं की. येकीच्या हातची घिऊन दुसरीला न्हाई म्हनलो असतो, तर तुमी चौघी बोलला असता का येकमेकींशी?"