उत्तरेकडची गोड्या पाण्याची विहीर

मी कुवेतला गेले तेव्हा इराकबरोबरचं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. नवरा तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. मी नाशिकला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे ते सोडून गेले होते. शहरातल्या हवल्ली भागात, फ्लॅटमध्ये वर्षभर घरात बसून जीव विटला, तेव्हा पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी धरली.

युद्धात पेटवून दिलेल्या तेलविहिरींचं तेल वाळवंटात तळ्यांसारखं साचलं होतं. आगी विझवायला मारलेलं खारं पाणीही वाळूत जिरलं होतं. ते सगळं हळूहळू खाली उतरत होतं. देशाच्या उत्तरेला जमिनीच्या पोटात थोडंसं गोडं पाणी आहे. घाण तिथवर पोचली का, ते पाहायचं आमचं काम. शहरात नळाला येतं ते समुद्राचं, मीठ काढलेलं पाणी. जमिनीतलं गोडं पाणी त्या देशाला तेवढंच.

हिवाळ्यात नमुने आणायला मीही जायचे. गाडीवर रत्नागिरीकडचे एक चाचा असायचे. मिसरूड फुटायच्या आधीच ते आखातात आलेले, त्यामुळे अरबी त्यांच्या तोंडी मराठीइतकीच सहज. आम्ही तपासायचो ती बोअरची तोंडं म्हणजे कुलूपबंद झाकणाचे लोखंडी पाइप. एक मात्र खरीखुरी विहीर होती, एका म्हाताऱ्या कुवेती माणसाच्या मळ्यात. थोडी खजुरीची झाडं, टोमॅटो, शेळ्या, पत्र्याची एक खोली. विहीर त्याच्या वडिलांनी खणलेली.

तो आम्हाला आधी बाटल्या भरू द्यायचा नाही.

"म्हणतोय, आधी चहा," चाचा हसून सांगायचे. "विहिरीच्या पाण्याचा. घे बाय, नाही म्हणू नको, रागावेल."

त्या चहाला खरंच वेगळी चव होती. कितीतरी दिवसांनी घरचं पाणी पोटात गेल्यासारखं वाटायचं. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत बसायचा आणि मी "छान" म्हटलं की मान डोलवायचा. मला तो "या बिन्ती" म्हणायचा, म्हणजे माझ्या लेकी.

शहरात त्याचं चांगलं मोठं घर होतं, बायको होती, मुली होत्या. तरी हा इथे पत्र्याखाली का राहतो, असं मी एकदा परतताना चाचांना विचारलं. त्यांनी गाडीचा वेग कमी केला.

"त्याचा मुलगा नेला ना लढाईत," ते म्हणाले. "शेवटी शेवटी इराकी शिपायांनी पोरं गोळा केली नि याच रस्त्याने वर इराकात नेली. त्याचं पुढे काहीच कळलं नाही. मेला म्हणून कोणी सांगत नाही, जिता म्हणूनही नाही."

पहिले काही हिवाळे त्या विहिरीचं पाणी स्वच्छ आलं. मग एका वर्षी क्षार वाढलेले दिसले. पुढच्या खेपेला पाण्यात तेलातली द्रव्यं सापडली. मी चाचणी पुन्हा केली, मग दुसऱ्या बाटलीतल्या पाण्याची केली. आकडा तोच. त्या संध्याकाळी घरी गेले तर माझ्या लहान मुलीने नाक मुरडलं. "मम्मा, यू स्मेल लाइक अ गॅरेज." मी हात पुन्हा पुन्हा धूत राहिले.

प्रयोगशाळेच्या साहेबांचं पत्र म्हाताऱ्याला जाणारच होतं, पण कागदावरून कळू नये असं मला वाटलं. चाचांना घेऊन गेले. त्याने नेहमीप्रमाणे किटली चढवली होती.

"बाबा, हे पाणी आता पिऊ नका," मी म्हणाले. चाचांनी अरबीत सांगितलं. तो माझ्याकडेच बघत होता.

"विष आहे?"

"आज प्यायलात तर काही होणार नाही. रोज नको."

"कधी निवळेल?"

खोटं सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण ज्या माणसाने इतकी वर्षं आपल्या हातचं पाणी पाजलं, त्याच्याशी खोटं बोलवेना. "तुमच्या हयातीत नाही. माझ्याही बहुधा नाही."

तो उठला, किटली उचलली आणि बाहेर जाऊन वाळूत उपडी केली. आत येऊन चाचांशी हळू आवाजात काहीतरी बोलला. चाचा मला सांगेनात.

"काय म्हणाले?"

"म्हणतो, पोरगा सुटला तर याच रस्त्याने चालत येईल. तहानलेला असेल. त्याला हेच पाणी आवडायचं." चाचांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "मग म्हणतो, आता त्याला काय देऊ?"

मी उठून विहिरीकडे गेले. बाटल्या भरल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या. म्हातारा गाडीपर्यंत पोचवायला आला.

पुढच्या हिवाळ्यापासून चहा विकतच्या पाण्याचा. त्याला चव नव्हती, आणि त्याने माझ्या तोंडाकडे बघणंही सोडलं. एकच प्रश्न विचारायचा, "जास्त की कमी?" मी म्हणायचे, "थोडं जास्त."

मग इराकमध्ये पुन्हा लढाई झाली. तिथल्या वाळवंटात पुरलेली माणसं सापडू लागली, हाडं तपासून कोण कुणाचं ते ठरू लागलं. एक दिवस चाचा प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. "बाय, त्याचा पोरगा मिळाला." मिळाला म्हणजे काय ते विचारावं लागलं नाही.

आम्ही शहरातल्या घरी गेलो. चाचा पुरुषांकडे बसले, मी आत बायकांत. मी पाणी तपासणारी, असं कळल्यावर म्हाताऱ्याच्या बायकोने मला जवळ बसवून घेतलं. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तू त्याला खरं सांगितलंस. आम्ही कोणी सांगितलं नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं, मुलगा जिवंत नाही. पण तो मळ्यावर असायचा तेव्हा निदान जेवायचा." आणि माझा हात तिने बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतर म्हातारा मळ्यावर फिरकला नाही. शेळ्या विकल्या, पंप बंद पडला. न उपसलेल्या विहिरीतल्या साचल्या पाण्यावरून जमिनीखालचं काही खरं कळत नाही, म्हणून साहेबांनी ती विहीर आमच्या तपासणीतून काढून टाकली. तो मेल्याचं मला चाचांकडूनच कळलं, आम्ही कुवेत सोडायच्या आदल्या वर्षी. झोपेत गेला म्हणाले. ते सांगायला आले तेव्हा मी दुसऱ्या बोअरच्या पाण्याची चाचणी लावून बसले होते. ती पुरी करावीच लागली.