न्हावऱ्यातला चार फूट खोल पाइप

न्हावऱ्यात पाइपातलं पाणी थंडीनं कधीही गोठत नाही. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, आणि मी त्या गावचा जावई होतो.

पंच्याहत्तर सालची गोष्ट. मी दौंडला रेल्वेत कारकून, लग्नाला सहा महिने झालेले, आणि दिवाळसणाला सासरी गेलेलो. सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, घराजवळच्या हौदापासून गोठ्यापर्यंत लोखंडी पाइप टाकायला घेतला होता. चार म्हशींचं पाणी सासूबाई दोन्ही वेळा घागरीनं वाहायच्या, गुडघे दुखत असले तरी. पाइप वीतभर खोल चरात पडला होता. वर माती लोटली, की संध्याकाळी त्यांची घागर सुटणार होती.

तेवढ्यात मी तिथं पोहोचलो. (पहाटेच्या अंघोळीनं कुडकुडलो होतो, त्यामुळे डोकं नको तितकं चालत होतं.)

"मामा, एवढाच खोल?"

"व्हय. बैलाचा पाय लागू नये म्हंजी झालं."

"आणि थंडीत आत पाणी गोठलं तर? पाइप उभा फुटतो. चार फूट तरी खाली पाहिजे."

हे ज्ञान मला सिमल्याकडून बदलून आलेल्या एका सहकाऱ्यानं दिलं होतं. मी स्वतः बर्फ पाहिला होता तो दौंड स्टेशनात, लाकडाच्या भुशात ठेवलेला.

मामांनी वर पाहिलं. ऊन चटचटत होतं. मग ते शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय, पाव्हणं."

"पर आबा," माझा मेहुणा दत्तू म्हणाला, "आपल्या हितं कवा..."

"दत्तू, टिकाव आण."

दोन फुटांखाली मुरूम लागला. टिकाव टणटण वाजू लागला. शेजारचे आप्पा डोकावले. "काय पुरायचं हाय?"

"पाइप."

"एवढा खाली?"

"जावई म्हनत्यात."

"मग बरोबर हाय," म्हणत आप्पांनीही धोतर खोचलं आणि चरात उतरले. मी हात लावायला गेलो तर तिघेही घाबरले. दिवाळसणाला आलेल्या जावयानं टिकाव धरायचा म्हणजे सासरची अब्रूच गेली! मी बाजेवर बसून मान डोलवत राहिलो.

तीन दिवसांनी चार फूट झाले. मामांनी घाम पुसत अदबीनं विचारलं, "आता पाइपाला काय करायचं का?"

इथं मी गप्प बसू शकलो असतो.

"काहीतरी गुंडाळायला हवं," मी म्हणालो.

आधी पोती आली. मग कडबा आला. (ज्या म्हशींसाठी पाइप, त्यांच्याच तोंडचा!) शेवटी दत्तू आतून गोधडी घेऊन आला. तेव्हा माझी बायको सुमन मला बाजूला घेऊन म्हणाली, "ती आईची हाय. तिला दुसरी न्हाई. आन् तिकडं बघा जरा."

मी पाहिलं. उपसलेल्या मुरमाचा ढीग सासूबाईंच्या वाटेवरच पडला होता. तीन दिवस त्या घागर घेऊन कडब्याच्या गंजीला वळसा घालून गोठ्यात जात होत्या. मध्येच थांबून गुडघा दाबत होत्या. त्यांचे कष्ट वाचवायला निघालेल्या पाइपानं माझ्यामुळे त्यांची वाट दुप्पट केली होती.

"मामा," मी म्हणालो, "माझं चुकलं. इथं पाणी गोठत नाही."

"व्हय, तसं गोठत न्हाई."

"तुम्हाला माहीत होतं?"

"साठ वर्सं हितंच हाय की."

"मग बोलला का नाहीत?"

मामा टिकावाची माती झटकू लागले. उत्तर आलं दाराआडून. माझ्याशी कधी थेट न बोलणाऱ्या सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "पैलाच सण तुमचा. तुमास्नी न्हाई कसं म्हनायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगतो, त्या माणसांवर माझा जीव जडला तो त्याच दिवशी. मी गोधडी घडी करून सुमनच्या हाती दिली आणि दिवाळीच्या कोऱ्या कपड्यांनिशी माती लोटायला लागलो. जावयाचा शब्द खाली पडू नये म्हणून मामांनी पाइप मात्र चार फुटांवरच ठेवला. संध्याकाळी गोठ्यात पाणी आलं. सासूबाईंनी घागर उतरंडीशी पालथी घातली आणि म्हशींचं पाणी पिऊन होईपर्यंत त्या गोठ्यातच उभ्या राहिल्या.

तीन वर्षांनी पाइपाचा सांधा गळायला लागला. गोठ्यात थेंब येईना. सासूबाईंना पुन्हा घागर उचलावी लागली, तेव्हा दत्तूनं मला बोलावून घेतलं. आता मी जुना जावई. टिकाव माझ्या हातात द्यायला कुणालाच संकोच वाटला नाही. चौथ्या फुटाला पोहोचेपर्यंत तळहाताला फोड आले. सांधा बदलून झाल्यावर मी चरातूनच विचारलं, "मामा, आता पाइप किती खोल टाकायचा?"

मामा तितक्याच अदबीनं म्हणाले, "तुमी म्हनाल तेवढा, पाव्हणं."

मी फोड आलेला हात वर केला आणि वीत दाखवली.