दोन वाफ्यांची रोपं

वैशाखात कुठे भाताच्या रोपांच्या वाफ्यावर शेण, पाला, फांद्या पसरून राब भाजायला घेतला, की त्या धुरात मला माझे सासरे दिसतात. शेतकीखात्यात नोकरीला असताना त्यांनी, राब भाजणं म्हणजे चांगलं खत जाळणं, असं सांगणारं पुस्तक लिहिलं होतं. पेन्शनीत निघाल्यावर रत्नागिरीकरांनी त्यांनाच कायदेकौन्सिलात निवडून दिलं आणि शेतकरी घरी येऊन म्हणू लागले, "साहेब, जंगलखातं राबासाठी फांद्या तोडू देत नाही, तेवढं कौन्सिलात मांडा." मामंजींनी परसात भाताचे दोन वाफे पेरले, एक भाजलेला आणि दुसरा न भाजता नुसतं शेणखत घातलेला. आषाढात मला म्हणाले, "सूनबाई, दोन्हींतली एकेक मूठ उपटून आण, पण कुठली कुठल्या वाफ्यातली ते सांगू नकोस." पडवीत बसून त्यांनी मुळं चाचपली, पाती उजेडाला धरली आणि एक मूठ पुढे केली, "ही उत्तम." ती राबाची होती. मी त्यांना तसं सांगितलं. पावसाळ्यामुळे आगबोटी बंद होत्या, म्हणून दोन्ही मुठी केळीच्या खोडाच्या सोपात गुंडाळून ते मोटारीने घाट चढून कौन्सिलाच्या पुण्याच्या बैठकीला गेले. परतल्यावर न राहवून मी विचारलं, "काय झालं तिथे?" "सरकारी सभासदाने माझंच पुस्तक मला वाचून दाखवलं." "मग?" "म्हटलं, लेखक माझ्या ओळखीचा आहे, आणि तो चुकलाय." फांद्यांचं पुढे काय ठरलं ते मी विसरले, पण ते वाक्य बोलताना त्यांचा चेहरा कसा झाला असेल, हे मात्र राबाचा धूर दिसला की अजून मनात येतं.