वाटेतलं झाकण

आमच्या वरच्या मजल्यावर महानंदा भाड्याने राहायची. खाली येताना तिच्या हातात काही खायचं असलं की त्यावर झाकण असायचंच. एका जिन्याचं अंतर, पण वाटीवर ताटली आणि ताटलीवर फडकं. मी हसले की म्हणायची, "हसा काकू. घरात कितीबी उघडं ठेवा, वाटेत झाकण पाहिजे." ती औशाजवळच्या शेतकरी घरातली. येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं घर शेतात जेवायला निघालं की तिचे वडील आंबिलीचं मडकं घोंगडीखाली झाकून डोक्यावरून न्यायचे. ते बघत ती वाढली होती.

ईशान, सई, तुम्हा नातवंडांची आणि तिची कधी गाठ पडली नाही. ती मोबाइलची ॲप बनवायची. लातूर आणि नांदेडमध्ये शाखा असलेल्या एका तपासणी लॅबचं ॲप तिच्याकडे होतं. रिपोर्ट लोकांना घरबसल्या फोनवर दिसावेत, एवढंच त्याचं काम. वरून "काय रे बाबा, का रुसलास आता?" असं ऐकू आलं की मी समजायचे, ॲप अडलंय. लग्न का केलं नाहीस, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "एकाला सांभाळायलेय की. लई हट्टी हाय."

ती वर राहत असताना एका वर्षी माझ्या छातीत एक गाठ लागली. लातुरात गल्लोगल्ली माझे विद्यार्थी. इंग्रजीच्या बाईंना काय झालं, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून तपासणी मुद्दाम नांदेडला करून घेतली. तुमच्या बाबालाही कळवलं नाही. सांगितलं फक्त महानंदाला, कारण सोबत कुणीतरी हवं होतं.

रिपोर्ट तयार झाल्याचा निरोप आला. मी ॲप उघडलं, तर पान कोरं. लॅबमध्ये फोन केला, तर उत्तर मिळालं, "रिपोर्ट ॲपवरच दिसेल, नाहीतर येऊन घेऊन जा." मी महानंदाला खाली बोलावलं.

तिने मला नीट समजावलं. नांदेडचा संगणक जुना होता. तो माहिती साध्या, उघड्या अक्षरांत पाठवायचा. बसस्टँडवरच्या फुकटच्या वायफायवर कुणी रिपोर्ट उघडला, तर शेजारी बसलेल्या जाणकाराला तो मधेच वाचता आला असता. नवे फोन अशी उघडी ये-जा आपणहून अडवतात. ॲप करणाऱ्याने मुद्दाम सूट दिली, तरच ती चालते. महानंदाने सूट दिली नव्हती.

"देता येते का?" मी विचारलं.

"येते की. एका ओळीचं काम हाय. लॅबचे मालकबी सकाळपास्नं तेच म्हणायलेत. लोक ओरडायलेत म्हणे."

"मग दे ना. आजच्यापुरती. माझ्यासाठी."

ती म्हणाली, "काकू, कुणाला कळू नये म्हणून तुम्ही नांदेड गाठलंत. आता मीच तुमचं उघडं पाठवू? आणि तुमच्या एकटीचं न्हाई, त्या शाखेतल्या सगळ्यांचंच उघडं जाईल."

मला राग आला. गाठ माझी होती, वाट मी बघत होते. मी म्हटलं, "तुझं तत्त्व राहू दे बाजूला. माझा जीव टांगणीला लागलाय."

"माहीत हाय. म्हणून तर उद्या पहिल्या गाडीनं नांदेडला जाते. रिपोर्ट माझ्याकडं द्या म्हणून तुमच्या सहीची चिठ्ठी द्या."

ती गेली. दिवसभर मी कपाट आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. परतीच्या वाटेवर लोह्याहून तिचा फोन आला, "काकू, पाकीट घेतलंय. दोन-अडीच तासांत येते. जेवून घ्या." आवाजावरून काही समजतंय का, ते मी पाहिलं. काहीच समजलं नाही, कारण तिलाच काही माहीत नव्हतं.

संध्याकाळी ती दारात उभी राहिली. पाकीट चिकटवलेलं होतं आणि वर तिचा रुमाल गुंडाळलेला. ते माझ्या हातात देऊन ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून स्वच्छ भांडी घासत बसली.

मी वाचलं. गाठ साधी होती. मी आत गेले. तिने काही विचारलं नाही, फक्त नळ बंद केला.

"चहात साखर घालू?"

"दोन चमचे," मी म्हटलं. गाठ लागल्यापासून मी साखर सोडली होती, हे तिला ठाऊक होतं. तिने डबा काढला आणि पदराने डोळे पुसले.

मालक महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. शेवटी त्यांनी नांदेडला नवा संगणक बसवला आणि त्या शाखेचे रिपोर्ट फोनवर दिसू लागले, पण वाटेत झाकलेले. पुढे महानंदाला हैदराबादला चांगली नोकरी लागली. निघताना तिने शेंगदाण्याच्या चटणीची बरणी दिली, अर्थातच वर फडकं बांधलेली.

त्या गाठीबद्दल ती कुणाशीही बोलली नाही. तुमचा बाबा सुट्टीवर आला, तिच्या हातचं जेवून गेला, तरी नाही. त्याला हे आज तुमच्याबरोबरच कळेल. कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, ते माझं मी ठरवावं म्हणून ती दिवसभर एसटीत बसली होती. मी आज ठरवलं.