पोरींचं मादाके

विलिमाइना माझी नणंद लागते. सख्खी नाही, नवऱ्याची चुलत बहीण. पण आमच्या या बेटावरच्या गावात चुलत म्हणून कुणाला सूट मिळत नाही. नणंद-भावजयीनं जन्मभर एकमेकींना टोमणे मारायचे हा इथला रिवाज, आणि आम्ही दोघींनी तो मन लावून पाळला. मी म्हणायचे, "बाई, जरा सरकून बस, माझ्या घरावर ऊन येऊ दे." ती म्हणायची, "तू कशाला उन्हात उभी राहतेस? आधीच काय उरलंय वाळायला? माझा भाऊ जेवायला घालत नाही वाटतं." यातला दुसरा टोमणा जास्त लागायचा. आमच्याकडे बाई वाळली की लोक तिला बोल लावत नाहीत, तिच्या घरच्यांना लावतात.

तिनं लग्न केलं नाही. तिच्या सख्ख्या भावाची बायको बाळंतपणात गेली, तो जहाजावर नोकरीला निघून गेला, आणि त्याची तान्ही लोसाना हिच्या मांडीवर आली. लोसाना तिला 'नेई' म्हणे, म्हणजे आत्या. पुढे सगळं गावच तिला नेई म्हणायला लागलं. पोरगी गुटगुटीत वाढली. सिंगातोकाला बाजाराला गेलं की तिथल्या बायका थांबवून म्हणायच्या, "काय छान भरलीय गं तुमची पोर!" नेई त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत असायची.

तिच्या हातात एक औषध होतं, मादाकेवरचं. मादाके हा आमच्या इकडचा जुनाच आजार. जीभ पांढरी पडते, अन्नावरची वासना उडते, माणूस उतरायला लागतं. नेई परसातला पाला ठेचून पाण्यात पिळायची. कडू जहर असायचं ते. प्यायलं की पोट धुऊन निघायचं, आणि मग अशी भूक लागायची की माणूस अख्खा दालो, म्हणजे अळूचा भला मोठा कंद, एकट्यानं संपवेल. हे औषध आत्याकडून भाचीकडे जातं. नेईला तिच्या आत्यानं दिलं होतं, ती लोसानाला देणार होती.

लोसाना मोठी होत होती त्या सुमारास गावातल्या सेतारेकीनं टीव्ही आणला. तो समुद्रकाठच्या हॉटेलात कामाला होता, त्याला असल्या गोष्टींची हौस. संध्याकाळी अर्धं गाव त्याच्या चटयांवर. आधी पुरुषांचं रग्बी, मग परदेशी मालिका. त्यात काटकुळ्या उंच मुली असायच्या. त्या मोठ्या कचेऱ्यांत कामाला जायच्या, स्वतःच्या गाड्या चालवायच्या, बापाला उलट बोलायच्या आणि तरी कुणी त्यांना थोबाडीत मारत नसे. आम्ही बायका पोट धरून हसायचो. "हिला कुणी वाऱ्यावर बाहेर सोडू नका रे," मी म्हणायचे. पोरी हसत नसत. त्या पुढच्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसायच्या आणि पापणी लवू देत नसत.

एके दिवशी मी नेईकडे बसले होते. लोसाना तेव्हा दहावीत. नेईनं तिच्या ताटात दालो आणि नारळाच्या दुधातलं अळू वाढलं, तशी पोरीनं ताट मागं सारलं.

"नेई, निम्मं काढ."

"का गं?"

"भूक नाही."

"जीभ दाखव."

तिनं जीभ काढली. चांगली गुलाबी होती. नेईनं चुलीच्या उजेडात नेऊन पुन्हा बघितली.

"आतल्या आत असेल," ती मला म्हणाली. "कधी कधी जिभेवर येत नाही."

दुसऱ्या दिवशी पाला पिळला. लोसानानं नाक न दाबता पेला रिकामा केला. महिनाभरानं पुन्हा मागितला, मग पंधरा दिवसांनी. नेईला तर आभाळ ठेंगणं झालं. "बाकीच्यांना धरून पाजावं लागतं," ती मला सांगायची, "ही स्वतः पेला पुढे करते. एवढी गुणाची पोर तुझ्या घरात आहे का?" माझ्या घरात नव्हती. माझे दोन्ही मुलगे औषध दिसलं की नारळावर चढायचे.

मग बाकीच्या पोरी यायला लागल्या. लोसानाची मैत्रीण तितिलिया आली, पाठोपाठ तिची बहीण, मग वरच्या आळीतल्या चौघी. सगळ्यांची एकच तक्रार, भूक नाही. नेईनं डोक्याला हात लावला. मादाकेची साथ आली होती, आणि तीही फक्त पोरींना. असं तिच्या आत्याच्या वेळीसुद्धा कधी झालं नव्हतं. तिनं पाला दुप्पट घालायला सुरुवात केली. पाद्रीबाबांच्या कानावर घातलं. रविवारी त्यांनी देवळात सगळ्यांना उभं करून प्रार्थना केली, की हे परमेश्वरा, आमच्या मुलींची भूक त्यांना परत दे. पोरींनी माना खाली घातल्या आणि सगळ्यांबरोबर 'आमेन' म्हटलं.

पुढे एका रविवारी लोसाना देवळात गाता गाता कोसळली. तिच्या अंगावरचा पांढरा झगा मावशीचा घालावा तसा लोंबत होता. सेतारेकीच्या गाडीतून तिला सिंगातोकाच्या दवाखान्यात नेलं. मी बरोबर होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी रक्त तपासलं, सलाईन लावलं, आणि बाहेर येऊन विचारलं, "हिला जुलाबाचं काही कुणी देत होतं का?"

"मी," नेई म्हणाली. "भूक लागावी म्हणून."

"किती दिवस?"

नेई बोटांवर महिने मोजायला लागली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. हृदयाचे ठोके बिघडलेत, रात्र महत्त्वाची आहे, एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

सकाळी पोरीनं डोळे उघडले. नेई खाटेजवळ जमिनीवर बसली होती. लोसानानं तिचा हात धरला आणि तिची समजूत घालावी तशी म्हणाली, "नेई, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं औषध फार चांगलं होतं. खाल्लेलं सगळं निघून जायचं."

मी नेईकडे बघितलं. मला वाटलं, आता ही ओरडेल, पोरीला एक ठेवून देईल, निदान रडेल तरी. तिनं फक्त चादरीची चुणी सारखी केली.

घरी आल्यावर तिनं परसातलं ते झुडूप मुळासकट उपटलं आणि समुद्रात टाकून आली. पोरींच्या आया भांडायला आल्या. त्यांचं तिनं उभ्यानं ऐकून घेतलं. एका संध्याकाळी ती पहिल्यांदाच सेतारेकीकडे गेली आणि टीव्हीसमोर बसली. ती मालिका शेवटपर्यंत बघितली. एकदाही हसली नाही. परत येताना मला म्हणाली, "या मुलींना घरी कुणीच नाही का गं?" त्या दिवसापासून मी तिला टोमणे मारायचं सोडलं, आणि तिच्याही ते लक्षात आलं नाही.

पाला गेला तशी लोसाना घशात बोटं घालायला लागली. जेवून उठली की परसातल्या संडासाकडे. म्हणून नेई तिच्या मागोमाग जायला लागली. पत्र्याच्या दाराबाहेर उभी राहायची. दटावणं नाही, विनवणी नाही, फक्त उभी. पोरीनं पहिल्यांदा आतून शिव्या घातल्या. पुढे बोलायला लागली. शाळेतलं, देवळातलं, कुणाचं काय, जे तोंडाला येईल ते. तोंड बोलण्यात गुंतलंय हे बाहेर ऐकू जावं म्हणून.

त्याला आता खूप वर्षं झाली. लोसाना हॉटेलात काउंटरवर उभी असते, नवरा आहे, मुलगी आहे. बांधा बेताचाच आहे, पण जगते आहे. दर रविवारी जेवायला येते. नेईचे गुडघे गेलेत, भिंत धरून चालते. मागच्या रविवारी लोसाना जेवून परसात गेली तशी मी म्हटलं, "बाई, आता तरी तिच्या मागे जाणं सोड. तिशी उलटली तिची."

"तू ताटं उचल," ती म्हणाली आणि परसात गेली.

मी ताटं उचलता उचलता ऐकत होते. लोसाना आतून नव्या मॅनेजरचं सांगत होती, मग कुणा पाहुण्याच्या हरवलेल्या चपलांचं, मग मुलीच्या दाताचं. मग सांगण्यासारखं संपलं असावं. आवाज थांबला. नेईनं बोटानं दारावर एकदा टकटक केलं.

"आहे, नेई," आतून आवाज आला. "पोटातच आहे अजून."